बसऱ्याला गेलेले आबा नेमके कुठे आहेत? (मेसोपोटेमिया म्हणजे आजचा इराक, १९१५, ११७वी मराठा पलटण)

कोयनाकाठ

आमचं गाव पाटण तालुक्यातलं. जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके पुरुष गेले आणि त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढंच तिच्यावर इंग्रजीत लिहिलंय. नावं नाहीत. सातारा-रत्नागिरीकडच्या मंडळींनी अशा पाट्या आपापल्या गावात पाहिल्या असतील.

माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ त्या परत न आलेल्यांपैकी. घरात त्यांना अजून 'बसऱ्याचे आबा' म्हणतात. गेले तेव्हा लग्नही झालं नव्हतं. मृत्यूची तिथी कुणालाच ठाऊक नाही, म्हणून त्यांचं पान सर्वपित्री अमावास्येला वाढतात. आजी गेल्यावर तिची ट्रंक उघडली, तेव्हा तळाशी तीन वस्तू मिळाल्या.

पहिली म्हणजे १९१४-१५ असं कोरलेला ब्राँझचा तारा. मागच्या बाजूला नंबर, सिपाई हा हुद्दा, आबांचं नाव आणि '११७ मराठाज'. दुसरी, तळहाताएवढी जड ब्राँझची चकती. तिच्यावर सिंह, हातात पानांचं चक्र घेतलेली बाई आणि चौकटीत आबांचं नाव, हुद्दा नाही. तिसरी वस्तू म्हणजे मोडीतलं एक पत्र. घड्यांवर फाटलंय, पण अक्षर बऱ्यापैकी शाबूत आहे.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन (राष्ट्रकुलातल्या युद्धमृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) हिच्या संकेतस्थळावर आबांची नोंद सापडली. वडिलांचं नाव, गाव, जिल्हा, सगळं जुळतं. मृत्यू १४ डिसेंबर १९१५. ठिकाणाच्या रकान्यात 'बसरा मेमोरियल'.

पण मेमोरियल म्हणजे नुसती नावांची भिंत. मला त्यांची जागा हवी आहे. ते गेले कुठे आणि त्यांना ठेवलं कुठे, हे आता शोधता येईल का?

खडकीकर

ताई, आधी एक सांगतो, म्हणजे तुमचा हेलपाटा वाचेल. खडकीच्या वॉर सिमेट्रीत जाऊन पणजोबांचं नाव शोधणारी माणसं मी कायम बघतो. तिथल्या दीड हजारांहून जास्त कबरी दुसऱ्या महायुद्धातल्या आहेत, आणि त्याही पश्चिम व मध्य भारतात ठिकठिकाणी पुरलेल्यांना पुढे एकत्र आणून केलेल्या. आवारात १९१४-१८ चं एक स्मारक आहे आणि त्यावर अठराशेंहून जास्त नावं आहेत, पण ती इथेच, हिंदुस्थानात वारलेल्यांची. इराकला वारलेला माणूस तिथे मिळणार नाही.

दिल्लीच्या इंडिया गेटचंही तसंच. कमान सगळ्यांसाठी उभारलेली असली तरी तिच्यावर कोरलेली तेरा हजारांवर नावं मुख्यतः वायव्य सरहद्दीवरची आणि १९१९ च्या अफगाण युद्धातली आहेत.

जुना_सुभेदार

राम राम. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालो. ११७वी मराठा ही आमच्याच रेजिमेंटच्या पूर्वजांपैकी. १४ डिसेंबर १९१५ ही तारीख महत्त्वाची आहे. ती का, ते सांगतो.

११७वी पलटण सहाव्या पूना डिव्हिजनच्या १६व्या ब्रिगेडमध्ये होती. एप्रिल १९१५ मध्ये शैबाच्या लढाईत ती लढली. सप्टेंबरच्या अखेरीस तैग्रिस नदीकाठच्या कुत गावाच्या अलीकडची लढाई झाली, आणि २२ नोव्हेंबरला बगदादच्या तोंडाशी टेसिफॉन. जनरल टाउनशेंडच्या फौजेची तिथे साडेचार हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. फौज मागे हटत कुतला आली आणि ७ डिसेंबरला तिला तुर्कांचा वेढा पडला. तो २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला आणि शेवटी शरणागती.

म्हणजे १४ डिसेंबरला ११७वीची धडधाकट माणसं कुतच्या वेढ्यात होती. टेसिफॉनचे जखमी मात्र वेढा आवळण्याआधीच बोटींनी तैग्रिसवरून खाली पाठवले गेले. आबा एक तर कुतमध्ये गेले, नाही तर खाली नदीकाठच्या एखाद्या इस्पितळात. दोन्हींच्या जागा वेगळ्या, तेव्हा हे आधी ठरवा. ते पत्र वाचून घ्या, त्यात असेल.

मोडीवाचक

पत्राचा फोटो उजेडात, सावली न पाडता काढा. एकदा सबंध कागदाचा, मग दोन-दोन ओळींचे जवळून. फाटलेल्या घड्या चिकटपट्टीने अजिबात चिकटवू नका.

कोयनाकाठ

फोटो पाठवलेत, काका. पत्र सरळ ठेवायला कडांवर वजन ठेवलं, चिकटपट्टी लावली नाही.

मोडीवाचक

वाचलं. पत्र आबांचं नाही, त्यांच्याच पलटणीतल्या शेजारगावच्या माणसाचं आहे. तो जखमी होऊन मुंबईच्या इस्पितळात आला होता आणि तिथून तुमच्या पणजोबांना लिहितोय. महिना पौष. मायना आणि खुशालीनंतर मजकूर असा, जिथे कागद गेलाय तिथे टिंबं दिली आहेत:

'…तुमचे बंधूंस पायास गोळी लागून हाड मोडले. आम्ही एकाच बोटीत होतो. बोटीत निजावयास जागा नव्हती, पाणी मिळत नसे… अमारे मुक्कामी त्यांस उतरविले, आम्हांस पुढे बसऱ्यास नेले. मागाहून अमारेहून आलेल्या आपल्याकडील… याने सांगितले की ते तेथेच वारले. चार माणसे आपल्या मुलखाची होती, त्यांनी सर्व केले. वाईट वाटून घेऊ नये…'

'अमारे' दोनदा स्पष्ट आहे. शंकेला जागा नाही.

जुना_सुभेदार

मग कुतचा प्रश्नच मिटला. ते अमाराला वारले. कुत आणि बसऱ्याच्या मधलं हे तैग्रिसकाठचं गाव.

'बोटीत निजावयास जागा नव्हती' हे वाक्य साधं घेऊ नका. टेसिफॉनच्या जखमींचे जे हाल झाले त्यावरून पुढे चौकशी आयोग बसला आणि १९१७ मध्ये त्याच्या अहवालावरून भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. मेजर कार्टर नावाच्या लष्करी डॉक्टरने 'मेजिदिये' ही बोट बसऱ्याला लागताना पाहिली होती. लांबून त्याला वाटलं, बोटीच्या कडेवरून दोर लोंबताहेत. जवळ आल्यावर कळलं, तो हगवणीने आजारी जखमींचा मैला होता. हलता येत नसलेली माणसं दिवसचे दिवस तशीच डेकवर पडून होती. मोडक्या हाडाचा माणूस अशा बोटीतून अमारापर्यंत पोचला हीच मोठी गोष्ट.

पिंपळपार

वाखूसा (वाचनखूण साठवली). हा धागा वर राहायला हवा. अमाराबद्दल मी बरंच वाचलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

३ जून १९१५ रोजी अमारा इंग्रजी फौजेच्या हाती आलं आणि तेव्हापासून ते इस्पितळांचं गाव झालं. नदीच्या दोन्ही काठांवर इस्पितळं वाढत गेली. एप्रिल १९१७ मध्ये तिथे सात मोठी जनरल हॉस्पिटलं होती. जिथे इतकी इस्पितळं तिथे दफनभूमी असणारच, आणि अमाराला त्या दोन आहेत.

एक 'अमारा वॉर सिमेट्री', ४,६२१ जणांची. माती इतकी खारट, की दगड खायला लागली. म्हणून १९३३ मध्ये सगळ्या कबरींवरचे दगड काढून टाकले आणि नावं एका भिंतीवर घेतली.

दुसरी 'अमारा, डावा तीर, इंडियन वॉर सिमेट्री'. तुमचे आबा माझ्या मते इथे आहेत. हिंदी फौजेतले सुमारे ५,००० जण या जागी आहेत आणि त्यातले ओळख पटलेले फक्त ९. होय, नऊ. कमिशनच्या नोंदीतच कारण दिलंय: लष्कराने या दफनांची नीट नोंदच ठेवली नाही.

मग बाकीच्यांची नावं गेली कुठे? 'अमुक माणूस मेला' ही नोंद पलटणीकडे होती, 'कुठे ठेवला' ही नव्हती. ज्यांची जागा माहीत नाही ते सगळे बसरा मेमोरियलच्या यादीत गेले. त्या स्मारकावर चाळीस हजारांवर लोक आहेत. त्यांच्यात तुमच्या आबांसारखे कितीतरी असणार, जे खरं तर अमाराच्या मातीत आहेत. त्या जागी नाव नाही आणि नाव आहे तिथे माणूस नाही. घरोघरच्या ट्रंकांमधली अशी पत्रं बाहेर आली तरच ही जोडणी होईल.

नकाशावर बघताना एक काळजी घ्या. पाणी ज्या दिशेला वाहतं त्या दिशेला तोंड करून उभं राहिल्यावर डाव्या हाताचा तो डावा तीर. तैग्रिस खाली बसऱ्याकडे जाते, हे धरून बघा. पहिली, म्हणजे 'अमारा वॉर सिमेट्री', गावाच्या पूर्वेला, डावा तीर आणि 'चहाला' नावाचा कालवा यांच्या मधे आहे. पुष्कळ जण तीच हिंदी सिमेट्री समजतात. कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्हींची पानं वेगळी आहेत, तिथून जागा घ्या. युद्धकाळातले मेसोपोटेमियाचे नकाशे कतार डिजिटल लायब्ररीवर फुकट बघता येतात. जुना नकाशा आणि आजचं उपग्रहचित्र शेजारी ठेवलं की नदीचं वळण आणि कालवा यांवरून जागा लागते.

शट्ट_अल_अरब

मी काही वर्षं बसऱ्याकडे तेलाच्या कामावर होतो. अमाराला जाता आलं नाही, बसरा मेमोरियल मात्र पाहिलंय. १९२९ मध्ये ते बसऱ्याजवळ माकिलच्या गोदीत उभारलं होतं. १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटरवर नेलं. आजूबाजूला नुसतं सपाट माळरान. ८० मीटर लांबीची खांबांची ओळ, मधे १६ मीटर उंच स्तंभ. दगड पांढरा आहे आणि तो हिंदुस्थानातून नेलेला.

खांबांमागच्या भिंतीवर पाट्या आहेत. मी मराठा पलटणींच्या पाट्या शोधत गेलो. गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं, मग आपले सुभेदार, जमादार. आणि त्याखाली 'व इतर इतके हिंदी शिपाई'. आकडा! मी तिथे हात जोडले आणि मग बराच वेळ भिंतीला टेकून बसून राहिलो. आमच्या खेड तालुक्यातली माणसं त्या आकड्यात आहेत हे मला पक्कं माहीत होतं आणि बोट ठेवायला एकही अक्षर नव्हतं.

कोयनाकाठ

म्हणजे चावडीवरही आकडा आणि बसऱ्यालाही आकडाच.

रोखठोक

सगळ्यांच्या भावनांचा आदर ठेवून दोन गोष्टी विचारतो. एक, आबा हिंदू होते. त्यांना अग्नी दिला असेल तर कबर शोधण्यात अर्थ काय? दोन, ही माणसं इंग्रजांच्या साम्राज्यासाठी लढली. आपण त्यांचं स्मारक कशासाठी मागायचं?

पिंपळपार

पहिल्याचं उत्तर देतो. पत्रात 'चार माणसे आपल्या मुलखाची होती, त्यांनी सर्व केले' असं आहे. अग्नी दिला की पुरलं, हे त्यावरून ठरत नाही, आणि मी ठरवणारही नाही. पण अग्नी दिला म्हणून जागा उरत नाही, हे मान्य नाही. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळच्या टेकडीवर ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला होता. १९२१ मध्ये तिथे स्मारकाची छत्री उभारली आणि २०१० मध्ये शेजारी सगळ्यांची नावं दगडावर कोरली. पंचाण्णव वर्षांनी का होईना, ५३ च्या ५३ नावं लागली.

जुना_सुभेदार

दुसऱ्याचं मी देतो. दादा, प्रश्न रास्त आहे. मीही तो स्वतःला विचारलाय.

शिपायाला तेव्हा महिना ११ रुपये पगार. आपल्या डोंगरपट्ट्यात वरीनाचणीशिवाय काही पिकत नव्हतं. आधीच्या वीस वर्षांत प्लेग आणि दुष्काळ येऊन गेले होते. धाकटा भाऊ पलटणीत गेला की घरात मनीऑर्डर यायची आणि सावकाराचं व्याज भागायचं. साम्राज्य कशाशी खातात हे त्या पोराला माहीत असेल असं मला वाटत नाही. साम्राज्याची जबाबदारी आबांवर टाकू नका. ज्या सरकारने त्यांना नेलं त्याने त्यांचं नाव लिहायचं होतं. ते लिहिलं नाही, म्हणून मागायचं. ही भीक नाही, थकलेली बाकी आहे.

रोखठोक

'थकलेली बाकी' पटलं, सुभेदारसाहेब. माझ्या आजोळी गुहागरकडेही अशी पाटी आहे. बघून येतो.

पिंपळपार

सुभेदारांच्या बोलण्याला एक जोड. कमिशनने स्वतः समिती नेमून २०२१ मध्ये अहवाल काढला. पहिल्या महायुद्धातल्या ४५,००० ते ५४,००० जणांना गोऱ्या सैनिकांपेक्षा वेगळी वागणूक मिळाली, आणि किमान १,१६,००० जणांची नावं कुठेच लागली नाहीत, असं त्यात कबूल केलंय. यात आफ्रिकेतले, मध्यपूर्वेतले आणि आपले लोक आहेत. कमिशनने माफीही मागितली. तेव्हा पुरावा घेऊन दार ठोठावायची हीच वेळ आहे.

स्प्रीकाठ

मी बर्लिनला राहते. हरवलेली जागा परत मिळते, याचं एक उदाहरण माझ्या घरापासून फार दूर नाही. शहराच्या दक्षिणेला व्युन्सडॉर्फजवळ पहिल्या महायुद्धात युद्धकैद्यांची छावणी होती, 'हाल्बमोंडलागर', म्हणजे चंद्रकोरीची छावणी. फ्रान्समध्ये पकडलेले हिंदी शिपाई तिथे ठेवले होते. जर्मनांनी त्यांच्यासाठी हिंदी-उर्दूत 'हिंदोस्तान' नावाचं प्रचारपत्र काढलं आणि १९१५ मध्ये लाकडी मशीदही बांधली, जर्मनीतली पहिली. थंडी आणि क्षयाने पुष्कळ जण गेले. त्यांना शेजारच्या त्सेरेन्सडॉर्फ इथे पुरलं. २०६ हिंदी शिपाई.

दुसऱ्या महायुद्धानंतर तो सगळा भाग सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात गेला. कुणाला आत जाता येईना, झाडं वाढली, दगड मोडले. १९९४ मध्ये रशियन सैन्य गेल्यावर वाट मोकळी झाली आणि २००५ पर्यंत कमिशनने दफनभूमी नव्याने उभी केली. मी तिथे जाते तेव्हा नावं मोठ्याने वाचते. इथे आधीच नावनिशीवार यादी होती, म्हणून ते शक्य झालं. अमाराचं काम अवघड आहे ते त्यामुळेच.

खडकीकर

हेच. अमाराला जाऊन खणण्यात काही हाशील नाही. यादी इथेच, आपल्या गावांत तयार करावी लागेल.

कोयनाकाठ

गेले काही दिवस तेच करते आहे. आमच्या गावाच्या पाटीपासून सुरुवात केली. इतरांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते.

पाटीवर चावडीबरोबर ऑइलपेंटचा हात मारलाय. अक्षरं दिसत नव्हती. खरवडू नका, संगमरवर जातो. अंधार पडल्यावर मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून आडवा धरला आणि प्रत्येक अक्षराची कड उठली. आकडे नीट वाचता आले.

मग कमिशनच्या शोधात माणसाचं नाव न टाकता 'अधिक माहिती'च्या रकान्यात गावाचं नाव टाकलं. आमच्या गावच्या नावाची इंग्रजीत वेगवेगळी स्पेलिंगं करून बघितली, कारण तेव्हाच्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय. आडनावं तर कितीदा नाहीतच, नुसतं नाव आणि वडिलांचं नाव. जिल्हे जुने धरावे लागतात. वाळवा, तासगाव, खानापूर तेव्हा साताऱ्यात होते, सांगली जिल्हा नव्हता. मालवण-वेंगुर्ले रत्नागिरीत. रायगड म्हणजे कुलाबा. सावंतवाडी वेगळं संस्थान.

पाटीवर जितके प्राण गेलेले आहेत, त्यातले दोघे सोडून सगळे सापडले. एक जण १०३व्या मराठात होता. एक कामगार पलटणीत, तो महार समाजातला. त्यांच्या घरी ब्राँझचं पदक आहे. त्यांच्या नातसुनेने ते देव्हाऱ्यात ठेवलंय, रोज फूल वाहते. इतकी वर्षं आमच्या आणि त्यांच्या वस्तीतल्या अंतरामुळे मला हे माहीत नव्हतं. पाटीवर मात्र दोघांचा आकडा एकच आहे.

एका कचेरीत जुन्या पेन्शनच्या वह्या पाहायला मागितल्या, तर 'इतकं जुनं काही नसतं' म्हणून बसूही दिलं नाही. पुन्हा लेखी अर्ज दिलाय.

जुना_सुभेदार

अर्जाची पोच घ्या, शिक्का मारून. दोघे सापडले नाहीत ते कदाचित दुसऱ्या पलटणीच्या नावावर असतील, वेढ्यानंतर माणसं इकडची तिकडे जोडली गेली. १९१७-१८ च्या तारखाही बघा, आणि १११वी महार पलटणही. ती १९१७ मध्ये उभी राहिली. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात ४६ जण गेले ते परत आले नाहीत, असं तिथे सांगतात. तिथल्या मंडळींना नोंदी ठेवायची सवय आहे, त्यांना भेटा. माझी ओळख सांगा.

मोडीवाचक

तिथीचं बघितलं. १४ डिसेंबर १९१५ म्हणजे शके १८३७, मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष. नेमकी तिथी त्या सालच्या पंचांगावरून काढून देतो. पुण्यातल्या एका ग्रंथालयात जुनी पंचांगं आहेत.

कोयनाकाठ

काका, हे वाचून आईला खूप रडू आलं. यंदापासून पान मार्गशीर्षात वाढायचं असं तिने ठरवलंय. सर्वपित्रीलाही वाढणार, ते बंद करायचं नाही म्हणाली.

शट्ट_अल_अरब

कमिशनला लिहिताना काय मागणार? अमाराला दगड लावा म्हणालात तर ते सध्या होणार नाही. इराकमध्ये त्यांना देखभाल करणं फार अवघड जातं, म्हणून तिथल्या सगळ्यांच्या नावांचं दोन खंडांचं पुस्तक करून मेडनहेडच्या मुख्य कचेरीत ठेवलंय.

कोयनाकाठ

दगड मागत नाही. तीन गोष्टी मागते. आबांच्या नोंदीत मृत्यूचं ठिकाण अमारा लिहावं. डाव्या तीरावरच्या सिमेट्रीच्या नोंदीशी ते नाव जोडावं, निदान 'इथे असण्याची शक्यता' म्हणून. आणि असे आणखी पुरावे आले तर ते एकत्र ठेवायची सोय करावी. पत्राचा फोटो, मोडीचं लिप्यंतर, इंग्रजी भाषांतर आणि ताऱ्याच्या मागच्या बाजूचा फोटो सोबत जोडला आहे.

स्प्रीकाठ

इंग्रजी भाषांतर मी एकदा तपासून देते. 'त्यांनी सर्व केले' याचं भाषांतर जपून करा, त्यातून नसलेला अर्थ काढू नका.

पिंपळपार

ज्यांच्या घरी ११०, १०३, ११७, १०५, ११४ किंवा ११६ मराठातली पदकं असतील त्यांनी फक्त एवढंच इथे लिहा: पलटण, तालुका, मृत्यूची तारीख. नाव आणि घरचा पत्ता धाग्यावर टाकू नका, ते विपूतून (वैयक्तिक विचारपुशीतून) पाठवा. मी तक्ता करतो. जून १९१५ नंतरचे आणि इस्पितळात वारलेले वेगळे काढू, त्यातून अमाराचे निवडता येतील.

रोखठोक

गुहागर तालुका, ११०वी मराठा, मे १९१६. चकती आहे, पत्र नाही. टॉर्चची युक्ती चालली.

पिंपळपार

घेतलं. मे १९१६ म्हणजे कुतच्या शरणागतीनंतरचा महिना. माणूस कैदेत होता की सुटून खाली आला होता, ते आधी बघावं लागेल. चकतीवरचं पूर्ण नाव विपूत पाठवा.